तेतांचा डबा: युगोस्लाव्ह पदकं ओळखण्याच्या नोंदी

८ फेब्रुवारी २०२५, बेलग्रेड

घरमालकीणबाईंचा पत्र्याचा डबा अखेर हातात आला. बाई सत्तरीच्या आहेत. इथली तरुण मुलं हाक मारतात तसं मीही त्यांना 'तेता', म्हणजे मावशी, म्हणतो. डबा त्यांच्या सासरचा. सासरे युगोस्लाव्ह सैन्यात अधिकारी होते. यजमान गेल्यापासून डबा कपाटात तसाच पडून होता. आता टोरंटोला असलेला नातू विचारतोय, पणजोबांना कुठलं पदक कशाबद्दल मिळालं? तेतांना सांगता येईना. मला या विषयाचा नाद आहे हे त्यांना ठाऊक, म्हणून काम माझ्याकडे आलं.

सुरुवातीलाच काही गोष्टी ठरवून टाकल्या. काहीही घासायचं नाही, पॉलिशचा फडका जवळही आणायचा नाही. आधी डबा आहे तसा वरून फोटो, मग एकेक वस्तू बाहेर. प्रत्येकीच्या दोन्ही बाजूंचे फोटो, व्यास, वजन, फितीचे रंग, मागची अक्षरं, आणि ती डब्यात कशाशेजारी होती तेही. ही शेवटची नोंद बहुतेक जण करत नाहीत. पण एखादं पदक कुठल्या कागदात गुंडाळलेलं होतं, हे पुढे त्या पदकापेक्षाही कामाला येतं.

डब्यात पदकं, छातीवर लावायचे तारे, सुट्या फिती, कोटाच्या पट्टीवरचे बिल्ले, एक शिट्टी आणि दोन बटणं. कागद एकही नाही. तेता म्हणाल्या, कागद असतील तर वरच्या माळ्यावर, बघते.

९ फेब्रुवारी

पहिली चाळणी राजवटीनुसार केली. 'युगोस्लाव्ह पदक' या दोन शब्दांत निदान दोन वेगळे देश येतात. १९४१ पर्यंतचं राजाचं युगोस्लाव्हिया, आणि दुसऱ्या महायुद्धातून उभं राहिलेलं, साम्यवादी नेते तितोंचं. राजाच्या काळातल्या वस्तूंवर मुकुट आणि दुतोंडी गरुड, तितोंच्या काळातल्यांवर पाच टोकांचा तारा. इथवर कुणालाही कळतं.

तितोंच्या काळातला फरक ओळखायला राजचिन्ह बघायचं. गव्हाच्या लोंब्यांच्या मध्ये पेटत्या मशाली आहेत, त्या मोजायच्या. पाच असतील तर वस्तू १९६३ च्या आधीची, सहा असतील तर नंतरची. त्याच वर्षी नवी राज्यघटना आली आणि देशाच्या नावाची आद्याक्षरंही एफएनआरजेची एसएफआरजे झाली. चिन्हाच्या खालच्या पट्टीवर २९ नोव्हेंबर १९४३ अशी तारीख असते. नवखा माणूस हमखास ती पदकाची तारीख समजतो. ती आहे याय्त्से गावातल्या त्या अधिवेशनाची, जिथे भर युद्धात नव्या संघराज्याचा ठराव झाला. तीसचाळीस वर्षांनी छापलेल्या कागदावरसुद्धा तीच तारीख दिसते.

सैन्याचं नावही बघायचं. १ मार्च १९४५ पासून नुसतं 'युगोस्लाव्ह सैन्य', आणि डिसेंबर १९५१ पासून 'युगोस्लाव्ह जनसेना', म्हणजे जेएनए. बिल्ल्यावर 'जन' नसेल तर तो बहुधा मधल्या सहासात वर्षांतला.

१५ फेब्रुवारी

आजचा सगळा वेळ एका ताऱ्याने घेतला, आणि तो घेण्यासारखाच आहे.

'पार्टिझान तारा', खालचा वर्ग, ज्याला नंतर 'रायफलींसह' असं म्हणू लागले. पार्टिझान म्हणजे दुसऱ्या महायुद्धात जर्मनांशी लढलेले तितोंचे बंडखोर सैनिक. मध्ये लाल मीन्याचा तारा. एका टोकाचा मीना टिचलाय आणि खालचा धातू राखाडी दिसतो. भिंगाखाली टिचलेली कड काचेसारखी धारदार आहे. खरा मीना म्हणजे भट्टीत भाजलेली काच, ती अशीच फुटते. हल्लीच्या नकलांत लाल रंगाची राळ ओततात. ती टिचत नाही, सोलवटते, आणि सुई लावली की मऊ लागते. सुई मी लावली नाही, कड बघून काम भागलं.

मागे पिन नाही, मळसूत्राचा खिळा आहे. कोटाला भोक पाडून खिळा आरपार घालायचा आणि आतून गोल चकती फिरवून आवळायची. चकतीवर रशियन अक्षरांत 'टांकसाळ' असं कोरलेलं, आणि ताऱ्याच्या पाठीवर क्रमांक. म्हणजे हा मॉस्कोत घडवलेल्या पहिल्या खेपेतला तारा.

हे पदक इथल्या बंडखोर सैन्याचं असून मॉस्कोत का घडलं, याला कारण आहे. युगोस्लाव्ह मुक्तिसेनेने आपले पहिले मानसन्मान १५ ऑगस्ट १९४३ ला जाहीर केले. जनवीर, जनमुक्ती, पार्टिझान तारा, बंधुता आणि ऐक्य, शौर्य, असे. आराखडे केले शिल्पकार आन्तुन आउगुस्तिन्चिच आणि चित्रकार जॉर्जे आन्द्रेयेविच कुन यांनी. आउगुस्तिन्चिच यांचा घोड्यावरच्या स्त्रीचा 'शांती' हा पुतळा पुढे न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या आवारात उभा राहिला. कुन यांनी त्याआधी १९३१ मध्ये बेलग्रेड शहराचं बोधचिन्ह केलं होतं. माणसं नामांकित होती, पण सैन्य डोंगरात, आणि डोंगरात टांकसाळ कुठून येणार? म्हणून सुरुवातीची पदकं सोव्हिएत टांकसाळीत पाडून घेतली. २८ जून १९४८ ला स्टालिनच्या गटाने युगोस्लाव्हियाला बाहेर काढलं आणि तो रस्ता बंद झाला. पुढची पदकं घरची, बेलग्रेडच्या तोप्चिदेरमधल्या सरकारी छापखाना-टांकसाळीची किंवा झाग्रेबच्या इकोम कारखान्याची. मळसूत्र जाऊन पिन आली.

म्हणून पाठ आधी बघायची. पुढून दोन तारे सारखे दिसतात, १९४८ चं भांडण पाठीवरच वाचता येतं.

१६ फेब्रुवारी

सुट्या फितींपैकी दोन हिरव्या-काळ्या. एकीच्या मधोमध काळा पट्टा, दुसरीच्या दोन्ही कडा काळ्या. तेतांना वाटत होतं जोडी असेल. त्यांचा एकमेकींशी काही संबंध नाही.

मधोमध काळा असलेली फीत सोव्हिएत 'बेलग्रेडच्या मुक्तीबद्दल' या पदकाची. पितळी पदक डब्यात आहेच, मागे '२० ऑक्टोबर १९४४'. त्या दिवशी लाल सेना आणि पार्टिझान यांनी मिळून हे शहर जर्मनांच्या हातून सोडवलं. पदक जाहीर झालं जून १९४५ मध्ये. अक्षरं सिरिलिक आहेत पण सर्बियन नाहीत. सर्बियनमध्ये 'य'साठी खाली आकड्यासारखं वळलेलं अक्षर असतं, ते रशियनमध्ये नाही. ही एक खूण लक्षात ठेवली तरी रशियन आणि सर्बियन मजकुराची गल्लत होत नाही.

काळ्या कडांची फीत मात्र पार वेगळ्या युद्धाची, पहिल्या महायुद्धाची. ती 'अल्बेनियन स्मृतिपदका'ची. १९१५ च्या हिवाळ्यात सर्बियाचं सैन्य, म्हातारा राजा आणि हजारो सामान्य माणसं माघार घेत अल्बेनियाच्या बर्फाळ डोंगरांतून समुद्राकडे निघाली. वाटेत भूक, थंडी आणि टायफसने माणसं पडत गेली. जे किनाऱ्याला लागले त्यांना जहाजांतून कोर्फू बेटावर नेलं. त्यांच्यासाठी १९२० मध्ये हे पदक निघालं. दुतोंडी गरुड, मध्ये युवराज (पुढे राजा) अलेक्झांडरचा चेहरा, आणि 'आपल्या युद्धसोबत्यांना, अलेक्झांडर' असे शब्द. डब्याच्या तळाशी ते सापडलं. अलेक्झांडरचा गाल आणि नाक झिजून सपाट झालंय, पण खोबणीतली अक्षरं मात्र ताजी. कोटावर नुसतं लटकून इतकी झीज होत नाही. कुणीतरी अंगठा फिरवत राहिलेलं आहे.

सासऱ्यांचे वडील असणार. तेता म्हणाल्या, हो, ते कोर्फूला होते एवढं ऐकलंय. राजाचं पदक साम्यवादी अधिकाऱ्याच्या घरात डब्याच्या तळाशी का असेना पण जपलं गेलं, याचं मला फार अप्रूप वाटलं.

१ मार्च

कालेनिच बाजारात भाजीच्या पलीकडे जुन्या वस्तू मांडून बसतात, तिथे तुलनेसाठी फिरलो. खरेदी केली नाही. हातात घेऊन वजन आणि कडा बघायला बाजारासारखी शाळा नाही. काचेआडून ते कळत नाही, मग संग्रहालय कितीही चांगलं असो. तसं कालेमेग्दान किल्ल्यातलं लष्करी संग्रहालयही बघून झालंय, आणि तिथल्या खऱ्या वस्तू डोळ्यांत असल्याशिवाय बाजारात पाऊल टाकू नये असं माझं मत आहे.

शहरातल्याच एका दुकानात 'जनवीर' पदक सोन्याचं म्हणून दाखवलं. हे पदक युद्धापासून देश फुटेपर्यंत १,३२२ जणांना मिळालं, आणि त्या सगळ्यांची नावं प्रसिद्ध आहेत. तितोंना तर ते तीनदा दिलं गेलं. इतकी छोटी आणि उघड यादी असताना, नाव नाही, दाखला नाही, असं 'जनवीर' समोर आलं तर आधी संशयच घ्यावा. हे तर उजेडात धरताच कळत होतं. सोनं झिजतं, पण झिजलेल्या जागी खालून वेगळा धातू डोकावत नाही. इथे उंचवट्यांवर मुलामा उडून पिवळं पितळ दिसत होतं, आणि ते कळकलेलंही होतं.

त्याच टेबलावर चेतनिकांच्या (राजाच्या बाजूच्या सर्ब लढवय्यांच्या) टोपीवरचे कवटीचे बिल्ले, उस्ताशांची (नाझींच्या साथीदार क्रोएशियन फॅसिस्टांची) चिन्हं आणि नव्वदच्या दशकात देश फुटतानाच्या युद्धातल्या टोळ्यांच्या बाह्यांवरची पट्टी, सगळं शेजारी शेजारी. यातलं बरंचसं काल-परवा पाडलेलं असतं. खोटं असो की खरं, नव्वदच्या टोळ्यांचं काही मी हाताळत नाही. ज्यांच्या घरची माणसं त्यात गेली ती याच शहरात आणि शेजारच्या देशांत अजून हयात आहेत. अभ्यास करायचा असेल तर संग्रहालयं आणि खटल्यांची कागदपत्रं पुरेशी आहेत.

८ मार्च

सैन्याच्या वर्धापनदिनांची पदकं लावून झाली. हा सर्वांत सोपा आणि सर्वांत उपयोगी गट. सैन्याचा जन्मदिवस २२ डिसेंबर १९४१ धरतात, त्या दिवशी बोस्नियात रुदो इथे पहिली सर्वहारा ब्रिगेड उभी राहिली. तिथून दर दहा वर्षांनी एक पदक: १९५१, ६१, ७१, ८१ आणि ९१. बाजारात ही ढिगाने मिळतात, किंमत जवळपास नाही, म्हणून संग्राहक त्यांच्याकडे बघत नाहीत. पण माणसाची नोकरी मोजायला यांच्यासारखं साधन नाही. सासऱ्यांच्या डब्यात दहा, वीस आणि तीस वर्षांची आहेत, चाळीस वर्षांचं नाही. म्हणजे ते १९७१ नंतर आणि १९८१ च्या आधी निवृत्त झाले असावेत. तेतांना विचारलं. म्हणाल्या, १९७४.

पन्नास वर्षांचं पदक बाजारात बघितलं. नवं कोरं, लाल डबीत. ते निघालं तेव्हा क्रोएशियातलं वुकोवार शहर या सैन्याच्या हाती पडून महिना झाला होता, आणि पुढच्या मे महिन्यात ते सैन्यच उरलं नाही.

इथे मला घरची आठवण झाल्याशिवाय राहिली नाही. आमचं गडहिंग्लज, तिथल्या कितीतरी घरांतून मुलगे बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीत जातात. माझे काकाही होते. मार्च १९९२ मध्ये युगोस्लाव्हियात संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना उतरली, तिचे पहिले सेनापती लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार. ते याच रेजिमेंटचे, १९७१ च्या युद्धातले वीरचक्रविजेते. वर्षभर ते इथल्या आगीत उभे होते. काकांच्या तोंडी त्यांचं नाव अभिमानाने यायचं, आणि 'युगोस्लाव्हिया' हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो तिथेच. त्याआधीही दोन्ही देशांचे शिपाई निळ्या शिरस्त्राणांत एकत्र होते. सुएझच्या संकटानंतर १९५६ पासून १९६७ पर्यंत सिनाईतल्या शांतिसेनेत भारताचीही तुकडी होती आणि युगोस्लाव्हियाचीही. त्या सेनेचं पदक, वाळूच्या रंगाच्या फितीवर मधोमध निळा पट्टा, कोल्हापुराकडच्या एखाद्या ट्रंकेतही निघू शकतं आणि इथल्या एखाद्या डब्यातही. या डब्यात नाही निघालं.

१५ मार्च

आता डब्यातली सर्वांत महत्त्वाची वस्तू. 'पार्टिझान स्मृतिपदक १९४१'. मागे क्रमांक.

हे १९४४ च्या सप्टेंबरमध्ये सुरू झालं आणि ते फक्त १९४१ मध्येच, म्हणजे सगळं अंधारात असताना, लढ्यात उतरलेल्यांसाठी. २७,६२९ जणांना मिळालं. धारकाला समाजात वेगळा मान असे, पेन्शनमध्ये युद्धाची वर्षं दुप्पट धरली जात.

पण हे सासऱ्यांच्या हिशेबात बसत नाही. तेता नक्की सांगतात की ते १९४३ मध्ये सामील झाले. लग्नात स्वतः सासऱ्यांनीच त्यांना तो किस्सा सांगितला होता. १९४३ च्या माणसाला १९४१ चं पदक मिळत नाही. मग हे आलं कुठून? बाजारातून घेतलेलं असू शकतं, एखाद्या मित्राचं असू शकतं. क्रमांक आहे, म्हणजे कुठेतरी नाव आहे. अंदाजाने काहीही लिहायचं नाही, रकाना रिकामा ठेवलाय.

२९ मार्च

माळ्यावरचे कागद मिळाले. एका रुमालात दोन गठ्ठे, वेगवेगळ्या दोऱ्यांनी बांधलेले.

पहिला सासऱ्यांचा. पार्टिझान ताऱ्याची पुस्तिका आहे, तिच्यातला क्रमांक ताऱ्याच्या पाठीवरच्या क्रमांकाशी तंतोतंत जुळला. राजचिन्हात पाच मशाली. नंतरच्या 'लष्करी सेवा' पदकाचा दाखला आहे, त्यावर सहा. फोटोही आहेत. पन्नाशीच्या सुरुवातीच्या एका फोटोत छातीवर सगळं आहे, सोव्हिएत पदक तेवढं नाही. सत्तरच्या आसपासच्या फोटोत तेही आहे. मॉस्कोशी बिनसलं होतं त्या वर्षांत मॉस्कोचं पदक न लावण्याला अर्थ असू शकतो, किंवा त्या दिवशी ते घरी राहिलं असेल. नोंदीत दोन्ही फोटोंचं वर्णन लिहिलंय, पुढचं वाचणाऱ्यावर.

दुसरा गठ्ठा सासूबाईंचा. तेतांनी त्यांना कधी पाहिलंच नाही. त्या १९५८ मध्येच गेल्या, तेतांचे यजमान तेव्हा दहा वर्षांचे. सासऱ्यांनी पुढे दुसरं लग्न केलं आणि पहिल्या बायकोचं नाव घरात फारसं निघालं नाही. या गठ्ठ्यात स्मृतिपदक १९४१ ची पुस्तिका आहे. माहेरचं नाव, जन्मगाव पश्चिम सर्बियातलं, आणि क्रमांक तोच.

मी क्रमांक तेतांना मोठ्याने वाचून दाखवला, मग पदक उलटं करून भिंग त्यांच्या हातात दिलं. त्यांनी एकेक आकडा बोट ठेवून ताडून बघितला. मग म्हणाल्या, "म्हणजे आधी ती गेली होती." नवऱ्याच्या आधी दोन वर्षं.

पार्टिझान सैन्यात सुमारे १ लाख स्त्रिया होत्या असं म्हणतात. जनवीरांमध्ये ९१. पदकांच्या बाजारात मात्र प्रत्येक वस्तू 'एका अधिकाऱ्याची' म्हणूनच विकली जाते, कारण डबा पुरुषाच्या नावाने कपाटात असतो. या डब्यालाही आम्ही सगळे सासऱ्यांचाच म्हणत होतो.

५ एप्रिल

सासूबाईंच्या गठ्ठ्यामुळे आणखी एक वस्तू जागेवर बसली. शामात्स–सारायेव्हो रेल्वेचा बिल्ला, १९४७. तो मी 'किरकोळ' या पाकिटात ठेवला होता. ही २४२ किलोमीटरची लाइन २ लाखांहून अधिक तरुण-तरुणींनी श्रमदानाने बांधली. या बिल्ल्यासोबत 'उदार्निक', म्हणजे कामात सगळ्यांच्या पुढे असणाऱ्याचा बिल्लाही दाखल्यासकट निघाला, त्याच नावावर. युद्ध संपून दोन वर्षं झाली होती, ही बाई फावडं घेऊन रेल्वेवर. यांना बाजारात चहाच्या किमतीइतकेही पैसे येत नाहीत. आमच्या यादीत ते स्मृतिपदकाच्या लगेच खाली येतात.

'आदर्श सैनिक' बिल्ला यजमानांचा निघाला, त्यांच्या सक्तीच्या सैनिकी सेवेतला. शिट्टी कुणाची ते कुणालाच सांगता येईना.

१२ एप्रिल

बाजारातल्या ओळखीच्या एका विक्रेत्याने स्मृतिपदकाला बरी किंमत देऊ केली, पुस्तिकेशिवाय चालेल म्हणाला. तेतांनी माझं मत विचारलं. मी सांगितलं, विकायचंच असेल तर अख्खा गठ्ठा एकत्र विका, आणि पुस्तिका पदकापासून कधी तोडू नका. पुस्तिका गेली की तो नुसता चांदीचा तुकडा आणि आकडा राहतो. तेता म्हणाल्या, विकायचं नाहीच.

मांडणी बदलली. एक यादी होती, तिच्या आता चार केल्या: पणजोबांचे वडील, पणजोबा, पणजी, आजोबा. पीव्हीसीची पाकिटं टाकून दिली, त्यातून निघणाऱ्या रसायनाने पितळावर हिरवा चिकट थर धरतो. त्याऐवजी आम्लमुक्त कागद आणि जाड पुठ्ठ्याच्या डब्या. फिती धुतल्या नाहीत, मऊ ब्रशने फक्त धूळ झटकली. सोव्हिएत पदकाची फीत पंचकोनी पट्टीवर चढवून झाली, अल्बेनियन पदकाची इथल्या पद्धतीने त्रिकोणी घडी घालून ठेवली, टाका नाही मारला.

नातवाशी व्हिडिओवर बोलणं झालं. त्याने पणजीचा फोटो मागितला. गठ्ठ्यात एकच आहे, पुस्तिकेवरचा, शिक्का अर्ध्या चेहऱ्यावर. पुढच्या शनिवारी तो मोठ्या रिझोल्यूशनला स्कॅन करायचा, आणि तिच्या जन्मगावच्या नगरपालिकेला जन्मनोंदीसाठी तेतांच्या सहीने अर्ज पाठवायचा.